पाच नंबरचं रक्त

“रोझविटा, हातातलं सोड आणि आधी इकडे ये!”

माइकेची हाक मोजणीच्या खोलीतून थेट पेशींच्या खोलीपर्यंत आली. रोझविटा डेक्सहायमरनं हातातलं सोडलं नाही. पिपेट जागेवर अडकवलं, बशीवर झाकण ठेवलं, बशी इनक्युबेटरच्या उबेत नेऊन ठेवली, हातमोजे काढले आणि मगच ती उठली. साठीला टेकलेली, ठेंगणी, शांत बाई. माइंत्सच्या टेकडीवरल्या या संस्थेत तिची उमेदीची सगळी वर्षं पेशी वाढवण्यात गेली होती. संशोधक येत, डॉक्टर होऊन निघून जात. रोझविटा तिथंच असे.

माइके टीडेमान पडद्यासमोर खुर्चीच्या टोकावर बसली होती. ही उत्तरेकडची, समुद्रकाठच्या गावातली पोरगी. उंच, लाल गालांची, आणि आवाज असा, की एका होडीवरून दुसऱ्या होडीवर हाक मारावी. पीएच.डी.चं शेवटचं वर्ष चालू होतं.

“हे बघ,” तिनं पडद्यावर बोट आपटलं. “एक, दोन, तीन, चार. सगळे शहाण्यासारखे वागलेत. पेशींनी कणांना तोंडही लावलेलं नाही. आणि हा बघ पाच नंबर! नुसत्या खादाडासारख्या गिळत सुटल्यात.”

“लेप नीट बसला नसेल.”

“सगळे कण एकाच बाटलीतले आहेत गं.”

“मग पेशींचंच काही—”

“पेशी तू वाढवलेल्या. तुझ्या पेशींवर संशय घ्यायची वेळ आली, तर मी हे सगळं सोडून बंदरावर मासळी विकायला बसेन.” माइके हसली. “नाही, नाही. गोम आहे ती रक्तात. पाच नंबरच्या रक्तात काहीतरी आहे!”

रोझविटा पडद्याकडे बघत राहिली. मग म्हणाली, “बशी उघडी राहिलीय माझी,” आणि परत गेली. बशी उघडी नव्हती.

माइकेचं काम होतं प्लास्टिकच्या अतिसूक्ष्म कणांवर. एका केसाच्या जाडीत शेकड्यांनी मावतील एवढे ते कण. पुढे कधीतरी त्यांच्या पोटात औषध भरून ते रोग्याच्या रक्तात सोडायचे. पण शरीरात पहारा असतो. भक्षक पेशी दिसेल ते परकं गिळून टाकतात आणि औषध मुक्कामी पोचायच्या आधीच फस्त होतं. तेव्हा सगळी करामत कणाच्या पृष्ठभागाची. त्यावर धन भाराचे रेणू बसवले तर पेशी त्याला अधाशासारख्या ओढून घेतात. आम्लाचे बसवले तर जरा कमी. आणि पाण्याशी सलगी करणाऱ्या लांब साखळ्यांचा दाट लेप दिला, तर कण समोरून गेला तरी पेशी त्याची दखल घेत नाहीत. असा लेप माइकेला साधला होता.

पण खरी परीक्षा पुढेच होती. कण रक्तात पडला की रक्तातली प्रथिनं क्षणात त्याच्यावर चढून बसतात, आणि मग पेशीची गाठ पडते ती त्या प्रथिनांशी. लेप चांगला असेल तर भलती प्रथिनं चिकटत नाहीत. म्हणून खऱ्या माणसांच्या रक्तात तो टिकतो का, हे बघायचं ठरलं. वसंतात संस्थेतल्याच दहाबारा जणांनी रक्त दिलं. त्यातल्या पेशी बाजूला काढून उरलेला पिवळा प्लाझ्मा नळ्यांतून गोठवला, आणि नळ्यांवर नावांऐवजी नंबर घातले.

तो दिवस रोझविटाला लख्ख आठवत होता. संस्थेचे डॉक्टर, एक गमत्या म्हातारे गृहस्थ, दंडाला पट्टा बांधता बांधता प्रत्येकाला विचारत होते, “काही आजार? औषधं? दारू?” रांगेतून कोणीतरी ओरडलं, “डॉक्टर, दारूचं काय विचारता? हे माइंत्स आहे, इथं वाईन पाण्यासारखी!” सगळे हसले होते. रोझविटाही हसली होती. तिची पाळी आली तेव्हा ती म्हणाली, “जेवताना एखादा ग्लास.” डॉक्टरांनी मान डोलावली आणि सुई टोचली.

कुठला नंबर कुणाचा, हे फक्त डॉक्टरांना ठाऊक होतं. पण नळ्यांना चिकटपट्ट्या लावायला त्या दिवशी मदतीला बोलावलं होतं रोझविटालाच. आणि आपली नळी कुठली, हे माणसाच्या नजरेतून सुटत नाही. तिचा प्लाझ्मा इतरांच्यापेक्षा गडद होता. पट्टी लावताना तिनं तो उजेडात धरला होता आणि पटकन खाली ठेवला होता.

पाच नंबर म्हणजे तीच.

दारू कधी सुरू झाली हे तिला सांगता आलं नसतं. ऱ्हाईनच्या काठी बापाचा द्राक्षमळा होता, आता तो भाऊ लोथार बघायचा. त्या घरात वाईनला कोणी दारू म्हणतच नव्हतं. संध्याकाळच्या एका ग्लासाचे दोन कधी झाले, दोनाची बाटली कधी झाली, याचा हिशेब ठेवायला घरात दुसरं माणूस नव्हतं. नवरा होता तोपर्यंत निदान लपवावं लागे. तो गेला दुसरीकडे राहायला, कारण ही बोलतच नाही म्हणे. गेल्या काही वर्षांपासून मात्र सकाळी ट्राम पकडायच्या आधी एक लहानसा ग्लास घ्यावा लागत होता. मौज म्हणून नव्हे. हातांची थरथर थांबावी म्हणून. तो घेतला की हात असे स्थिर होत, की नव्या पोरांना मुद्दाम तिच्या मागे उभं करून तिचं काम दाखवत.

आणि लपवण्यात तिची हातोटी होती. निदान तिला तसं वाटत होतं. तोंडात कायम पुदिन्याची गोळी. समारंभात सगळ्यांच्या देखत फक्त पाणी. आजारपणाची रजा कधी नाही. पण पेशी या कशालाच फसल्या नाहीत. यकृत बिघडलं की रक्तातली प्रथिनं बदलतात, हे संस्थेतल्या व्याख्यानांना मागे बसून बसून तिलाही कळलं होतं. जी प्रथिनं पेशीला ‘सोड याला’ म्हणतात ती कमी होतात, आणि ‘धर याला’ म्हणणारी वाढतात. काचेच्या बशीतल्या बिनडोक्याच्या पेशी तिचं गुपित ओळखून बसल्या होत्या, आणि त्या पेशी तिनंच ऊब देऊन वाढवलेल्या.

माइकेनं प्रयोग पुन्हा केला. पुन्हा तेच आलं. तेव्हा प्रोफेसर गेरलाख स्वतः खाली उतरले. हे मोठे काटेकोर गृहस्थ. बोलताना चष्मा पुसत.

“या माणसाला काही आजार?”

“नाही. सगळे निरोगीच घेतलेत,” माइके म्हणाली.

“निरोगी माणूस आणि त्याच्या रक्तात आपला लेप हरतो!” गेरलाखांचा चष्मा पुसायचा थांबला. “फ्राऊ टीडेमान, हे बाकीच्या सगळ्यापेक्षा मोठं आहे. असे किती लोक हिंडत असतील जगात? आणखी एकदा करा. तिसऱ्यांदा हेच आलं, तर शरदातल्या परिषदेत तुम्ही हेच मांडायचं. आणि डॉक्टरांना सांगून या पाच नंबरला बोलावून घेऊ. पुरतं तपासू. काय दडलंय ते कळलंच पाहिजे.”

“कळणारच!” माइके म्हणाली. तिचे गाल आणखी लाल झाले होते. “रोझविटा, ऐकलंस ना? परिषद!”

“ऐकलं,” रोझविटा म्हणाली. ती टेबल पुसत होती. जिथं काही सांडलेलं नव्हतं तिथं पुसत होती.

त्या आठवड्यात तिनं दारू सोडायचा प्रयत्न केला. दुसऱ्याच सकाळी हातातून कपबशी निसटली, अंगाला घाम सुटला, आणि ट्रामच्या थांब्यावरून ती मागे फिरली. घरी जाऊन तिनं तो लहानसा ग्लास घेतला, आणि मग मोठा. आरशात बघायचं टाळून ती कामावर गेली. डॉक्टरांना आपणहून जाऊन सांगावं असंही मनात आलं. त्यांच्या दारापर्यंत गेलीही. आत कोणीतरी खोकल्याचं औषध मागत होतं आणि डॉक्टर त्याची थट्टा करत होते. ती परत आली.

तिसऱ्या खेपेला प्लाझ्मा वितळवून देण्याचं काम नेहमीप्रमाणे तिच्याकडेच होतं. भर सकाळची वेळ, बाजूच्या खोलीत कोणाचातरी रेडिओ चालू. गोठणपेटीतून तिनं नळ्या काढल्या. दोन नंबरच्या दोन नळ्या घेतल्या. एकीवरची पट्टी सोलली, तिच्या जागी पाचची लावली. आपली उरलेली नळी तिनं जैव कचऱ्याच्या डब्यात टाकली. सगळ्याला लागला तेवढ्या वेळात किटलीतलं पाणीही उकळलं नसतं. मग माइके आली, शीळ घालत, आणि रोझविटानं तिच्या हातात नळ्यांचा ट्रे दिला.

“तुझे हात गार पडलेत,” माइके म्हणाली.

“गोठणपेटीतून आत्ताच काढल्यात ना.”

संध्याकाळी पडद्यावर पाच नंबर इतरांसारखाच शहाणा दिसला. माइकेनं आकडे पुन्हा पुन्हा तपासले. शीळ थांबली होती.

सोमवारच्या बैठकीत गेरलाख चष्मा पुसत होते. आवाज चढवणं त्यांच्या रीतीत नव्हतं, आणि तेच वाईट होतं.

“दोनदा दिसलं. तिसऱ्यांदा नाही. बाटली तीच, पेशी त्याच, रक्त तेच. बदलण्यासारखं एकच उरतं फ्राऊ टीडेमान. ते म्हणजे तुम्ही.”

“मी सगळं तसंच केलं होतं.”

“असं तुम्हाला वाटतं. मलाही वाटत होतं. तुमच्या शब्दावर मी परिषदेच्या लोकांशी बोलून बसलो.” त्यांनी चष्मा चढवला. “आता प्रश्न फक्त पाच नंबरचा नाही. इथं हात घसरला, तर गेल्या वर्षभरात आणखी कुठं कुठं घसरला असेल? परिषदेतून आपण नाव काढून घेतोय. मागचं सगळं पुन्हा करावं लागेल.”

“मुदत हिवाळ्यात संपते माझी,” माइके म्हणाली.

“ते मला माहीत आहे.”

टेबलाभोवती बसलेले सगळे आपापल्या कागदांत शिरले. रोझविटा समोरच बसली होती. तोंड उघडलं असतं तर दोन वाक्यांचं काम होतं. तिनं तोंड उघडलं, त्यात पुदिन्याची गोळी टाकली आणि मिटलं.

बैठकीनंतर माइके शीतखोलीत सापडली. खोक्यावर बसून, अंगात कोटही न घालता, ती नाक पुसत होती.

“माझंच चुकलं असणार,” ती म्हणाली. “घरी बाबा म्हणतातच, तुला घाई फार. बोटीचं इंजिन असो की काही असो, माइके पुढे धावणार आणि मागे नट सांडत जाणार. पण मला आठवतच नाही गं, मी काय सांडलं ते. तू तर शेजारीच असायचीस. तुला काही दिसलं होतं का? खरं सांग. मी रागावणार नाही.”

रोझविटानं तिच्या पाठीवर हात ठेवला. “चल, गारठशील,” ती म्हणाली. माइकेनं तिच्या खांद्यावर डोकं टेकवलं. रोझविटानं तिला थोपटलं. आपला हात त्या पोरीच्या पाठीवर वरखाली होताना तिला दिसत होता, आणि तो कुणा दुसऱ्या बाईचा असावा असं तिला मनापासून वाटत होतं.

शनिवारी कॅथेड्रलसमोर बाजार भरतो. भाज्यांच्या, चीजच्या गाड्यांमधून वाट काढत अर्धं गाव सकाळीच वाईनच्या ठेल्यांपाशी जमतं. एका हातात पाव आणि सॉसेज, दुसऱ्यात ग्लास. त्या आठवड्यात ठेला लोथारचा होता आणि नेहमीप्रमाणे रोझविटा ग्लास विसळायला उभी होती. इथं तिला प्यायला लपावं लागत नसे. इथं तर न पिणाराच नजरेत भरला असता.

गर्दीतून माइके आली.

“म्हटलं इथं सापडशील. निरोप घ्यायला आलेय.”

“कसला निरोप?”

“सोडतेय मी. गेरलाखांना काल सांगितलं. पुन्हा पहिल्यापासून करायचं तर आणखी वर्ष पाहिजे, आणि रोझविटा, माझा माझ्यावरच भरवसा नाही राहिला. पिपेट हातात घेतलं की वाटतं, आता काय घोळ घालणार मी? बाबांच्या दुरुस्तीच्या दुकानात बसेन. इंजिनं तरी तोंडावर सांगतात चुकलं ते.” तिनं हसून दाखवलं. “पण तुला सांगितल्याशिवाय जायचं नव्हतं. तिथं तूच एक सरळ वागलीस माझ्याशी.”

लोथार मागून ग्लास भरत होता. त्याचा आवाज आनंदी आणि मोठा. “सरळ? अहो, आमची रोझी लहानपणी देवळातल्या मेणबत्तीला हात लावला तरी घरी येऊन कबूल करायची! घ्या, तुम्हीही घ्या एक. बहिणीची मैत्रीण म्हणजे फुकट!”

रोझविटानं हातातला ग्लास फळीवर ठेवला. तो भरलेला होता. थोडी वाईन हिंदकळून तिच्या बोटांवर आली. तिनं बोटं एप्रनला पुसली.

“चल माझ्याबरोबर,” ती माइकेला म्हणाली.

त्या दोघी नदीपर्यंत चालत गेल्या. कठड्याशी उभं राहून रोझविटानं पाण्याकडे बघत सगळं सांगितलं. पाच नंबर कोण, डॉक्टरांना काय उत्तर दिलं, कुठली पट्टी काढून कुठं लावली. तिला वाटलं होतं सांगायला खूप वेळ लागेल. एक मालबोट पुलाखालून आली आणि समोरून पुढे गेली, तेवढ्यात संपलंसुद्धा.

माइकेनं पहिल्यांदा विचारलं, “का?”

“कळलं असतं सगळ्यांना.”

“काय कळलं असतं?”

“की मी पिते.”

माइके तिच्याकडे वळली. मग हसल्यासारखं काहीतरी तिच्या घशातून आलं.

“ते माहीत आहे, रोझविटा.”

“काय?”

“सगळ्यांना माहीत आहे. मी आले त्याच आठवड्यात मला सांगितलं होतं. दुपारनंतर रोझविटाला नाजूक काम देऊ नकोस, आणि पुदिन्याचा वास फार आला तर काही विचारू नकोस. का आजपर्यंत एकदाही कोणी तुला दुपारच्या मोजणीला बसवलं नाही? गेरलाखांनी सगळी मोठी कामं सकाळवर आणली, ती काय त्यांना पहाटे उठायची हौस म्हणून?”

रोझविटानं कठडा धरला. नदीवर ऊन होतं. एवढी वर्षं ज्या दाराला ती आतून पाठ लावून उभी होती, त्या दाराला भिंतीच नव्हत्या. सगळे जाता येता आत बघत होते, आणि सभ्यपणानं मान वळवून पुढे जात होते. नाताळच्या समारंभात आपण सगळ्यांच्या देखत पाण्याचा ग्लास उंच धरायचो, ते तिला आठवलं. तेव्हा त्यांनी एकमेकांकडे बघितलं असेल का? की तेही टाळलं असेल?

“कोणी बोललं नाही कधी,” ती म्हणाली.

“काय बोलणार? तू आवडतेस सगळ्यांना.” माइकेचा आवाज आता चढला. “पिण्याचं काही नव्हतं गं! ते आम्ही कधीच पोटात घातलं होतं. पण हे? मी शीतखोलीत बसून तुला विचारलं, माझं काय चुकलं सांग. तू मला थोपटलंस. थोपटलंस तू मला!”

“हो.”

“आठवडाभर मी स्वतःला मूर्ख समजत होते. आईला फोनवर सांगितलं, माझ्यात ते नाहीच म्हणून.”

“सोमवारी सांगते मी गेरलाखांना.”

“सांगशीलच,” माइके म्हणाली. “नाहीतर मी सांगेन.” आणि ती वळली. पुलाच्या दिशेनं जाताना तिनं मागे पाहिलं नाही.

सोमवारी सकाळी रोझविटानं ग्लास घेतला नाही. गेरलाखांच्या खोलीत तिचे हात उघडउघड थरथरत होते. तिनं ते मांडीवर ठेवले, लपवले नाहीत. गेरलाखांनी सगळं ऐकून घेतलं. 

“दोष थोडा माझाही आहे, फ्राऊ डेक्सहायमर,” ते म्हणाले. “मला वाटायचं, पेन्शनपर्यंत निभावून नेऊ. बोलायला हवं होतं. अवघड वाटलं.” मग त्यांचा आवाज कोरडा झाला. “पण नळी बदलणं मला पोटात घालता येणार नाही. पेशींच्या खोलीत तुम्हाला पुन्हा जाता येणार नाही.”

“हो.”

“किल्ली.”

तिनं किल्ली काढून टेबलावर ठेवली. थरथरीमुळे ती लाकडावर वाजली. दोघांनीही तिकडे बघितलं नाही.

पुढचं सगळं शांतपणे झालं. ती काही दिवस इस्पितळात होती, मग तिला दारू सोडवणाऱ्या, डोंगरातल्या एका आश्रमासारख्या जागी पाठवलं, जिथं सकाळी सगळ्यांनी गोल बसून आपापलं सांगायचं असे. तिथली एक जाडजूड शेतकरीण तिला म्हणाली, “बाई, तुला लाज फार. लाजेनं कोणाची सुटत नाही, उलट तीच प्यायला लावते.” रोझविटाला ते पटलं, पण लाज गेली नाही. यकृत अर्धं गेलंय, उरलेलं जपलं तर पुरेल, असं इस्पितळातल्या डॉक्टरणीनं सांगितलं. लोथार भेटायला आला तेव्हा पहिल्यांदाच रिकाम्या हातांनी आला, आणि काय बोलावं हे न सुचून हवामानावर बोलत बसला.

परत आल्यावर तिला तळघरात काम मिळालं. काचेची भांडी धुवायची, वाफेच्या यंत्रात घालायची, वाळवून वर पाठवायची. ज्याची भूक, आजार बघत बसावं असं जिवंत तिथं काही नव्हतं. वरची माणसं जिन्यात भेटली की नमस्कार करत, तब्येत विचारत. आता पुदिन्याचा वास येत नाही हे त्यांच्या लक्षात येत असणार, असं तिला वाटे. आणि तेही ती लाजेच्याच खात्यात टाकी.

माइके गेली नव्हती. गेरलाखांनी तिची मुदत वाढवून घेतली, सगळ्यांसमोर तिची माफी मागितली. रोझविटानं डॉक्टरांमार्फत पुन्हा रक्त दिलं आणि ते हवं तसं वापरा असं कळवलं. जिन्यात दोघी समोरासमोर आल्या तर माइके मान हलवी. त्यापलीकडे काही नाही. एकदाच, धुतलेल्या बाटल्या न्यायला ती स्वतः खाली आली, बाटली उजेडात धरून बघितली आणि म्हणाली, “स्वच्छ आहेत.” रोझविटा म्हणाली, “हो.” बाटल्या घेऊन ती वर गेली.

वसंतात माइकेचं प्रबंधावरचं जाहीर व्याख्यान झालं. सभागृह भरलं होतं, बाहेरगावचे पाहुणेही होते. पुढच्या रांगेत माइकेचे आईवडील, बाप नव्या कोटात अवघडून बसलेला. रोझविटा तळघरातल्या कपड्यांतच शेवटच्या रांगेत, दाराशेजारी टेकली.

माइके छान बोलली. लेप कसा केला, कुठल्या प्रथिनांना तो दूर ठेवतो, पेशी त्याला का सोडून देतात. मग पडद्यावर पाच नंबर आला.

“या एका दात्याच्या रक्तात लेप हरला,” ती म्हणाली. “सुरुवातीला आम्ही हा दाता निरोगी धरला होता. पुढे कळलं की दारूमुळे त्याचं यकृत बिघडलेलं आहे. म्हणजे औषध ज्यांना द्यायचं त्या आजारी माणसांच्या रक्तात लेपाची परीक्षा घेतल्याशिवाय तो चांगला म्हणता येणार नाही. माझ्या प्रबंधातलं सगळ्यांत महत्त्वाचं वाक्य हेच आहे.”

सभागृहात संस्थेची निम्मी माणसं होती. एकानंही मान वळवून मागे पाहिलं नाही. मानांच्या त्या ताठ रांगांकडे रोझविटा बघत राहिली. किती वर्षं ही माणसं अशी समोर बघत बसली होती, तिच्यासाठी.

प्रश्नांची वेळ झाली. पाहुण्यांतले एक पांढऱ्या दाढीचे प्राध्यापक उठले.

“एक शंका आहे. पुढे कळलं म्हणता. आधी दात्यांना विचारलं नव्हतं का? आणि विचारूनही हा एक सुटला असेल, तर बाकीचे निरोगी कशावरून?”

“विचारलं होतं,” माइके म्हणाली. “पण...” ती अडखळली. “दात्याची ओळख उघड होईल असं काही मला सांगता येणार नाही.”

“ओळख नको हो. पण मला कळायला हवं, की तुमची विचारण्याची पद्धतच—”

“पद्धत बरोबर होती.”

आवाज शेवटच्या रांगेतून आला. रोझविटा उभी राहिली होती. आता मात्र सगळ्यांनी मागे बघितलं.

“पाच नंबर मी आहे,” ती म्हणाली. “डॉक्टरांनी विचारलं होतं. मी खोटं सांगितलं. यांची चूक नाही.”

दाढीवाले प्राध्यापक लाल झाले. “माफ करा. बसा, बसा आपण. मला असं काही—”

“नाही, विचारा तुम्ही. तुम्हाला जे लागतं ते विचारा.”

गृहस्थ क्षणभर घुटमळले. पण ते कामाचे माणूस होते. किती वर्षं, असं त्यांनी विचारलं. रोज किती. रक्त दिलं त्या सकाळी घेतली होती का. दुसरं काही औषध. आई, वडील, त्यांना यकृताचा त्रास. रोझविटानं एकेकाचं उत्तर दिलं, मागच्या भिंतीला न टेकता, सगळ्यांना ऐकू जाईल एवढ्या आवाजात. आठवत नव्हतं तिथं आठवत नाही म्हणाली. माइके व्यासपीठावर थांबली होती. ती मध्ये बोलली नाही, आणि तिनं नजरही काढली नाही.

“आणखी काही?” रोझविटानं विचारलं.

कोणालाच काही विचारायचं नव्हतं. तेव्हा ती खाली बसली, आणि माइकेनं पडद्यावर पुढचं चित्र लावलं.